पूर्ण नाव टाका

सी भाषेच्या जर्नलमध्ये एक प्रोग्राम हमखास असतो: युजरकडून नाव घ्या आणि स्क्रीनवर छापा. पोरं तो पाच मिनिटांत उतरवतात, सर सही ठोकतात. टाइप केलेलं नाव बहुधा 'अमित' असतं, म्हणून निभावतं.

त्या प्रोग्राममध्ये नावासाठी ठेवलेल्या 20 अक्षरांच्या अॅरेत कुणी कुसुमाग्रजांचं नाव घालून पाहावं. विष्णु वामन शिरवाडकर: रोमन लिपीत, मधल्या जागा धरून 23 अक्षरं. 'स्कॅनएफ'ला '%एस' दिलं की ते पहिल्या मोकळ्या जागेपाशी थांबतं. स्क्रीनवर नुसतं 'विष्णु' उमटतं. उरलेलं 'वामन शिरवाडकर' इनपुटमध्येच पडून राहतं. पुढचा 'स्कॅनएफ' रोल नंबरचा असला तर त्याला आकड्याऐवजी 'वामन' दिसतो आणि तो काही न वाचताच परततो. मग ते उरलेलं काढून टाकायला कुणीतरी 'एफफ्लश' टाकायला सांगतं. इनपुटवर 'एफफ्लश' चालवलं तर काय व्हावं, हे सीच्या प्रमाणकात ठरलेलंच नाही. पण लॅबमध्ये हा तोडगा पिढीजात आहे.

दुसरा तोडगा 'गेट्स'. तो पूर्ण नाव घेतो, पण अॅरेत जागा किती हे त्याला कळायला मार्गच नाही. विसाच्या जागेत तो 23 अक्षरं आणि शेवटचं शून्य खुशाल कोंबतो. जास्तीची शेजारच्या मेमरीत सांडतात. 2 नोव्हेंबर 1988 ला रॉबर्ट मॉरिस या अमेरिकन विद्यार्थ्यानं सोडलेल्या वर्मनं इंटरनेटवरची हजारो यंत्रं जेरीला आणली. त्या वर्मची आत शिरण्याची एक वाट हीच होती: 'फिंगर' सेवेच्या प्रोग्राममध्ये 512 बाइटांची जागा आणि ती भरायला 'गेट्स'. 2011 च्या प्रमाणकातून 'गेट्स' काढूनच टाकलं. आपल्याकडे अनेक लॅबमध्ये ते निळ्या स्क्रीनच्या टर्बो सीसोबत अजून सुखानं नांदतं आहे.

खरा उपाय 'एफगेट्स'. त्याला जागेचं माप सांगावं लागतं आणि ते त्याबाहेर जात नाही. ओळीच्या शेवटचा एंटर तेवढा नावासोबत येतो, तो पुसावा लागतो. हे दोन ओळींचं काम पहिल्या वर्षाला अवघड म्हणणं म्हणजे पोरांना कमी लेखणं आहे. छापतानाही तेच: नाव 'प्रिंटएफ'ला थेट देऊ नये, युजरनं '%एस' टाइप केलं तर 'प्रिंटएफ' ती आज्ञा समजतो.

एक्स्टर्नल परीक्षकांना विनंती आहे. व्हायव्हात व्याख्या विचारत बसू नका. विद्यार्थ्याला वडिलांच्या नावासकट स्वतःचं पूर्ण नाव टाइप करायला सांगा, आणि काय छापलं जातं ते पाहूनच मार्क द्या.