मर्क्युरीचं नेमकं चुकलं कुठे?

फिनिक्समध्ये संध्याकाळी सातला सुरू होणारी मॅच आपल्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला सुरू होते. म्हणजे हातात चहा, समोर लॅपटॉप आणि ऑफिसची घाई अजून तासभर लांब. २०२२ साली मे ते ऑगस्ट माझ्या बऱ्याच सकाळी अशा गेल्या. आई आतून विचारायची, "जिंकल्या का रे तुझ्या त्या?" उत्तर बहुतेक वेळा "नाही" असंच असायचं.

तर 'तुझ्या त्या' म्हणजे फिनिक्स मर्क्युरी. अमेरिकेतली स्त्रियांची व्यावसायिक बास्केटबॉल लीग, डब्ल्यूएनबीए, १९९७ मध्ये सुरू झाली, तेव्हापासूनचा हा संघ. २००७, २००९ आणि २०१४ अशी तीन अजिंक्यपदं नावावर. २०२१ मध्ये अंतिम फेरी गाठली, तिथे शिकागो स्कायकडून ३-१ अशी हार. आणि पुढच्या वर्षी? ३६ सामने, १५ विजय, २१ पराभव. १२ संघांत आठवा नंबर. पहिले आठ प्लेऑफला जातात म्हणून कसेबसे आत शिरले, आणि लास व्हेगास एसेसनी पहिल्याच फेरीत २-० असं घरी पाठवलं. दुसऱ्या मॅचचा स्कोअर ११७-८०. खरं सांगतो, ती मी शेवटपर्यंत बघितली नाही.

हंगाम संपल्यावर जो तो कारणं सांगायला लागला. कारणांना तोटा नव्हताच. सँडी ब्रॉन्डेलोसारखी मुरलेली प्रशिक्षक आदल्या डिसेंबरात गेली आणि व्हेनेसा नायगार्ड नवीन आली. मे महिन्यात डायना टॉरासी आणि स्कायलर डिगिन्स-स्मिथ या दोन बड्या खेळाडूंची बेंचवर, कॅमेऱ्यासमोर, चांगलीच जुंपली. टीना चार्ल्स, आदल्या वर्षी लीगमध्ये सर्वाधिक सरासरीने गुण करणारी, जूनमध्ये हंगाम अर्ध्यावर सोडून निघून गेली. टॉरासी चाळिशीची झाली आणि शेवटी शेवटी दुखापतीने बाहेर बसली. यातलं काहीही खोटं नाही.

पण आमच्या धंद्यात सर्व्हर कोसळला की दुसऱ्या दिवशी मीटिंग होते, आणि त्या मीटिंगमधलं पहिलं उत्तर नेहमी अर्धवट असतं. म्हणून पाच वेळा 'का?' विचारायचं, अशी टोयोटाकडून आलेली एक पद्धत आहे. शनिवार आहे, वेळ आहे, ती इथे लावून बघू.

मर्क्युरी का हरली? कारण ब्रिटनी ग्रायनर नव्हती. सहा फूट नऊ इंच उंचीची सेंटर. २०२१ मध्ये दर मॅचला सरासरी २०.५ गुण आणि ९.५ रिबाउंड. अशी खेळाडू आपल्या बास्केटखाली उभी असली की समोरच्या आत घुसायला दोनदा विचार करतात. आणि आपण चाल करतो तेव्हा तिला अडवायला दोघी-दोघी धावतात, म्हणून बाहेर टॉरासीला तीन गुणांचा फटका मारायला जागा मिळते. एक खेळाडू गेली की तिचे वीस गुणच जात नाहीत, बाकीच्या चौघींचा खेळही बदलतो.

का नव्हती? कारण १७ फेब्रुवारी २०२२ रोजी मॉस्कोच्या शेरेमेत्येवो विमानतळावर तिला पकडलं. सामानात गांजाच्या तेलाची व्हेप काडतुसं सापडली. आत एक ग्रॅमसुद्धा माल नव्हता. एका आठवड्यात रशियाने युक्रेनवर हल्ला केला, आणि बाकी सगळं राजकारण झालं.

रशियात का गेली होती? कारण तिथे तिची दुसरी नोकरी होती. उरल पर्वताजवळच्या येकातेरिनबुर्ग शहरात खाण आणि धातूच्या धंद्यातल्या एका बड्या उद्योगसमूहाचा संघ आहे, यूएमएमसी. अमेरिकेतला हंगाम संपला की ती हिवाळ्यात तिथे खेळायची. ती एकटीच नव्हती. जोनक्वेल जोन्स, ब्रिअ‍ॅना स्टुअर्ट, कोर्टनी व्हँडरस्लूट, सगळ्या तिथे खेळलेल्या.

का? कारण पैसे. २०२२ मध्ये डब्ल्यूएनबीएत जास्तीत जास्त पगार २,२८,०९४ डॉलर होता, आणि कमीत कमी ६०,४७१. रशियात ग्रायनरला दहा लाख डॉलरच्या वर मिळत, असं तेव्हाच्या बातम्यांमध्ये होतं.

इथे तुमच्यापैकी निम्मे जण म्हणतील, अरे, सव्वादोन लाख डॉलर म्हणजे पावणेदोन कोटींच्या वर! रडायचं काय त्यात? मला मान्य आहे. पण आपण नोकरी बदलताना आपला पगार रस्त्यावरच्या माणसाशी ताडून बघतो का? नाही. दुसरी ऑफर कितीची आहे तेवढंच बघतो. आणि आपण साठीपर्यंत कोड लिहू शकतो (म्हणजे अशी आशा आहे!). या बायकांचे गुडघे पस्तिशीला कुरकुरायला लागतात. जी कमाई करायची ती दहा-बारा वर्षांत.

आता पाचवा 'का'. लीगचा पगार इतका कमी का? सोपं उत्तर असं की लीगच पैसे कमवत नाही, मग देणार कुठून. हे उत्तर मी पूर्णपणे उडवून लावणार नाही. पुरुषांच्या एनबीएइतका पगार द्या असं कुणी शहाणं माणूस म्हणत नव्हतं. प्रश्न वाट्याचा होता. एनबीएच्या खेळाडूंना लीगच्या उत्पन्नातला साधारण अर्धा हिस्सा मिळतो. बायकांच्या २०२० च्या करारात उत्पन्न एका ठरावीक आकड्याच्या वर गेलं तरच वरच्या रकमेत वाटणी, अशी अट होती.

आणि मला खरी गंमत (गंमत कसली, चीड) वाटते ती पुढे. ही लीग जेमतेम चार महिने चालते. उरलेले आठ महिने खेळाडूंनी सरावात राहायचं, फिट राहायचं आणि घरही चालवायचं. हा खर्च कोण उचलत होतं? रशिया, तुर्कस्तान, चीनमधले क्लब. म्हणजे ज्या खेळाडूंच्या जिवावर इथली तिकिटं खपतात, त्यांना जगवायचं बरंचसं काम परदेशी मालकांच्या खिशातून होत होतं. ते क्लबही काही तिकिटांवर चालत नव्हते, मालकांच्या हौसेवर चालत होते. बाजारच भाव ठरवतो वगैरे मी एरवी मानतो, पण इथला बाजार दुसऱ्या कुणाच्या तरी हौसेवर टेकलेला होता.

बरं, मर्क्युरीला हे माहीत नव्हतं असंही नाही. २०१४ मध्ये संघाने ३४ पैकी २९ सामने जिंकून अजिंक्यपद मिळवलं. आणि लगेच २०१५ चा आख्खा हंगाम टॉरासी खेळलीच नाही. कारण? याच यूएमएमसीने तिला उन्हाळ्यात विश्रांती घ्यायचे पैसे दिले. परत वाचा. न खेळण्याचे पैसे. फिनिक्समध्ये तिला मिळायचे सुमारे १ लाख ७ हजार डॉलर, आणि रशियातली कमाई सुमारे १५ लाख असल्याचं तेव्हा छापून आलं होतं. तुलनेसाठी सांगतो, २०२२ मध्ये मर्क्युरीच्या संपूर्ण संघाची पगारमर्यादा होती १३,७९,२०० डॉलर. एका बाईची तिकडची कमाई, आणि सात वर्षांनंतर इकडच्या आख्ख्या संघाची त्याहून कमी.

म्हणजे याच शहरातल्या याच क्लबने याच संघाची सर्वात मोठी खेळाडू एकदा नेली होती. तेव्हा फक्त एक हंगाम गेला. दुसऱ्यांदा गेली ती कोठडीत. पहिला इशारा मिळूनही सिस्टीम तशीच चालू ठेवली, तर दुसऱ्यांदा कोसळल्यावर ऑपरेटरला दोष देऊन चालत नाही. इथे ऑपरेटर म्हणजे नायगार्ड.

लीगने काहीच केलं नाही असं नाही. पण जे केलं त्याचा क्रम बघा. २०२० च्या कराराने पगार वाढवले हे खरं, पण त्याच करारात नियम आला की २०२३ पासून परदेशातून उशिरा परतणाऱ्यांना दंड होईल, आणि २०२४ पासून निलंबन. आधी दार लावून घेतलं, जेवणाचं नंतर बघू म्हणाले. २०२२ च्या त्याच ऑगस्ट-सप्टेंबरात आपल्याकडे मूनलायटिंगवरून रण पेटलं होतं, आठवतंय? एका मोठ्या आयटी कंपनीने ३०० लोकांना काढलं. तेव्हा आमच्या कँटीनमध्ये निष्ठा, नीतिमत्ता वगैरेंवर तावातावाने भांडणं झाली. मी तेव्हा कंपनीच्या बाजूने बोललो होतो. आजही पूर्णवेळ पगार देणाऱ्याने पूर्णवेळ मागावं असंच म्हणेन. पण चार महिन्यांचा पगार देऊन बारा महिन्यांची निष्ठा मागायची, हा हिशेब मला बसवता येत नाही.

आता माझ्या विरोधातला मुद्दा मीच सांगतो, नाहीतर तुम्ही सांगालच. ग्रायनर ८ डिसेंबर २०२२ ला व्हिक्टर बूट या शस्त्रविक्रेत्याच्या बदल्यात सुटली. २०२३ मध्ये परत खेळलीसुद्धा. आणि मर्क्युरीने केलं काय? ९ विजय, ३१ पराभव! आधीच्या हंगामापेक्षा वाईट. पहिल्या १२ पैकी १० सामने हरल्यावर नायगार्डची नोकरी गेली. डिगिन्स-स्मिथ बाळंतपणाच्या रजेवर होती हे धरलं, तरी संघाची बांधणी फसलेली होती हे उघड आहे. तेव्हा प्रशिक्षक, व्यवस्थापन, म्हाताऱ्या होत चाललेल्या खेळाडू, सगळ्यांचा वाटा मला मान्य. काडतुसं बॅगेत राहणं ही ग्रायनरची चूक, तिने कोर्टात ती कबूलही केली. पण त्या चुकीसाठी ती ज्या विमानतळावर उभी होती, तिथे तिला नेणारी व्यवस्था तिची नव्हती.

त्या हंगामातली एक मॅच मात्र विसरत नाही. ४ ऑगस्ट २०२२. त्या दिवशी रशियन कोर्टाने ग्रायनरला नऊ वर्षांची शिक्षा ठोठावली. काही तासांनी मर्क्युरीची कनेक्टिकट सनशी मॅच होती. सुरू व्हायच्या आधी दोन्ही संघ मधोमध एकमेकींना धरून उभे राहिले, आणि ४२ सेकंद सगळं स्टेडियम शांत. ४२ हा तिच्या जर्सीचा नंबर. मग शिट्टी वाजली, आणि त्या खेळल्या. ७७-६४ अशी हार. गुणतक्त्यात त्या मॅचची नोंद एक पराभव. बरोबरच आहे, तक्त्यात दुसरं काय लिहिणार?

त्या दिवशी आईने नेहमीचा प्रश्न विचारला. मी सांगितलं, "हरल्या. पण आज खेळल्या हेच खूप झालं." ती म्हणाली, "मग रजा का नाही दिली त्यांना?" याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

पुढे बरंच बदललं. २०२३ मध्ये संघाला नवा मालक मिळाला, नंतर सरावासाठी नवी जागा झाली, २०२४ पासून लीगने सगळ्या संघांना चार्टर विमानं दिली. २०२५ मध्ये टॉरासी निवृत्त झालेली आणि ग्रायनर अटलांटाला गेलेली असताना मर्क्युरी पुन्हा अंतिम फेरीत पोचली (तिथे परत एसेसकडून ४-० असा मार खाल्ला, ते जाऊ दे). आणि त्याच वर्षी जुलैमध्ये ऑल-स्टार मॅचच्या आधी खेळाडूंनी काळे टी-शर्ट घातले, आमचं जे देणं लागता ते द्या, अशा मजकुराचे. प्रेक्षकही त्यांच्याबरोबर ओरडले. ते बघताना मला २०२२ चा तक्ताच आठवला.

असो. माझं म्हणणं एवढंच की एखादा संघ आपटला की प्रशिक्षकाला हाकला म्हणायच्या आधी एक साधा प्रश्न विचारावा, या खेळाडू गेल्या हिवाळ्यात कुठे होत्या आणि का? मर्क्युरीच्या बाबतीत तो प्रश्न २०१५ मध्येच विचारला असता, तर १५-२१ चा हंगाम कदाचित तरीही आला असता. पण एक बाई दहा महिने तुरुंगात बसली नसती.