तेलाचा नळ कोणाच्या हाती?

खनिज तेल महाग का, असा प्रश्न वर्गात विचारला की उत्तर ठरलेले असते. तेल मर्यादित आहे, ते मोजक्या देशांत आहे आणि साऱ्या जगाला ते हवे आहे. उत्तर चूक नाही. परंतु तेलाच्या व्यापाराचे मर्म त्यातून उलगडत नाही. जगातील सर्वांत मोठा सिद्ध तेलसाठा सौदी अरेबियाचा नव्हे, व्हेनेझुएलाचा आहे. तो सुमारे तीनशे अब्ज बॅरलांचा मानला जातो. साठा हीच सत्ता असती तर काराकासपुढे जगाने हात जोडून उभे राहावयास हवे होते. प्रत्यक्षात १९९० च्या दशकाअखेर दररोज तीस लाख बॅरलांहून अधिक तेल काढणाऱ्या या देशाचे उत्पादन २०२० मध्ये सहा लाखांच्याही खाली घसरले. ओरिनोकोच्या पट्ट्यातील तेल डांबरासारखे दाट. ते वाहते करावयास भांडवल लागते, जाणकार अभियंते लागतात आणि ते शुद्ध करू शकणारा ग्राहक लागतो. २००२-०३ च्या संपानंतर राष्ट्रीय तेल कंपनीतील हजारो अनुभवी कर्मचारी काढून टाकण्यात आले, पुढे २०१९ मध्ये अमेरिकेने निर्बंध आवळले. साठा जमिनीखाली जसाच्या तसा राहिला. तेल मात्र आटले.

भाव ठरतो तो जमिनीखाली किती आहे यावर नव्हे, तर आज रोखून धरलेले तेल उद्या बाजारात कोण सोडू शकतो यावर. पाणीटंचाईच्या गावात विहिरीच्या मालकापेक्षा नळ सोडणाऱ्याचा रुबाब अधिक असतो, तसेच हे आहे.

हा नळ प्रथम अरबस्तानात नव्हता, अमेरिकेतील टेक्सस राज्यात होता. १९३० मध्ये पूर्व टेक्ससमध्ये प्रचंड तेलक्षेत्र सापडले. शेजाऱ्याने उपसण्याआधी आपण उपसावे अशी चढाओढ लागली आणि वर्षभरात बॅरलचा भाव काही सेंटांवर आला. ऑगस्ट १९३१ मध्ये राज्याच्या गव्हर्नरांना विहिरी बंद करण्यासाठी सैनिक धाडावे लागले. कोणत्या विहिरीतून किती तेल काढावयाचे हे ठरविण्याचे काम पुढे टेक्सस रेल्वे आयोगाकडे स्थिरावले. नावात रेल्वे आणि हातात तेल! सुमारे चार दशके या आयोगाने विहिरी क्षमतेपेक्षा कमी चालविल्या. टंचाई भासली की मर्यादा सैल केली. मुक्त व्यापाराचा पुरस्कार करणाऱ्या देशात हे चालले होते, हे ओपेकला नावे ठेवणाऱ्यांनी विसरू नये. १९६० मध्ये बगदादला ओपेकची स्थापना झाली, तेव्हा तिचे एक प्रमुख शिल्पकार, व्हेनेझुएलाचे पेरेझ अल्फोन्सो यांच्या डोळ्यांपुढे नमुना होता तो याच आयोगाचा.

नळ कोणाच्या हाती याला किती महत्त्व आहे, ते १९६७ आणि १९७३ ही दोन वर्षे शेजारी ठेवली म्हणजे कळते. जून १९६७ च्या युद्धात अरब देशांनी इस्राएलच्या पाठीराख्यांना तेल नाकारले. अमेरिकेने आपल्या विहिरींचे उत्पादन वाढविले आणि तो बहिष्कार सप्टेंबर उजाडेपर्यंत बारगळला. ऑक्टोबर १९७३ मध्ये तेच अस्त्र पुन्हा उपसले गेले आणि या वेळी जग हादरले. मधल्या सहा वर्षांत अरबांचा निर्धार वाढला, हे खरे. परंतु निर्णायक बदल अमेरिकेत घडला होता. तेथील उत्पादन १९७० मध्ये शिखर गाठून उतरणीला लागले आणि १९७२ मध्ये टेक्सस आयोगाने विहिरी पूर्ण क्षमतेने चालविण्यास परवानगी दिली. नळ पूर्ण उघडला, याचाच अर्थ आणखी उघडावयास काही उरले नाही. तीन डॉलरच्या आसपास असलेला बॅरलचा जाहीर भाव जानेवारी १९७४ मध्ये ११.६५ डॉलर झाला. भारताचे तेलाच्या आयातीचे वार्षिक बिल दोनशे कोटी रुपयांच्या आसपासचे, ते दोन वर्षांत हजार कोटींच्या पुढे गेले. रॉकेलसाठी डबे घेऊन रांगेत उभे राहिलेल्या वडीलधाऱ्या पिढीला टेक्ससच्या आयोगाचे नाव ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

तेलाच्या मागणीला अल्पकाळात लवचिकता जवळजवळ नसते. भाव दुप्पट झाला म्हणून ट्रक अर्ध्या वाटेवर उभा करता येत नाही. त्यामुळे पुरवठ्यातील थोडी तूट भावाला भलतीकडे नेते. १९७९ मध्ये इराणमधील क्रांतीने जगाच्या पुरवठ्यात काही टक्क्यांचीच घट झाली, पण भाव दुपटीहून वर गेले. उलट दिशेनेही हेच घडते. १९८० नंतर उत्तर समुद्र, अलास्का आणि मेक्सिकोचे तेल आले, मागणी घटली आणि भाव टिकविण्यासाठी सौदी अरेबियाने आपला नळ इतका आवळला की दररोजच्या सुमारे एक कोटी बॅरलांवरून त्याचे उत्पादन १९८५ मध्ये एक तृतीयांशाच्या जवळ आले. अखेर हा त्याग एकट्याने करण्यास त्याने नकार दिला, आणि १९८६ च्या मध्यास भाव दहा डॉलरच्या घरात कोसळले. नळधारकालाही नळाची किंमत मोजावी लागते, ती अशी.

आज सर्वाधिक कच्चे तेल काढणारा देश पुन्हा अमेरिकाच आहे. शेल खडकांतून तेल काढण्याच्या तंत्रामुळे तिचे उत्पादन २००८ मधील दररोज पन्नास लाख बॅरलांवरून २०२३ मध्ये एक कोटी एकोणतीस लाखांवर गेले. मग टेक्ससचा नळ परत आला काय? नाही. ही क्षमता शेकडो खासगी कंपन्यांत विखुरलेली आहे. तेल राखून ठेवण्यात त्यांना स्वारस्य नाही आणि त्यांना राखावयास सांगणारा आयोगही व्यवहारात उरलेला नाही. त्यांचे तेल हलके, तर मेक्सिकोच्या आखातावरील अनेक शुद्धीकरण कारखाने जड तेलासाठी बांधलेले. म्हणून हा देश लाखो बॅरल तेल निर्यात करतो आणि त्याहून अधिक आयातही करतो. हाताशी राखलेली क्षमता अजून मुख्यतः सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिराती आणि कुवेत यांच्याकडेच आहे.

आणि येथेच खरी मेख आहे. हे तिन्ही देश होर्मुझच्या सामुद्रधुनीच्या आत आहेत. २०२४ मध्ये या चिंचोळ्या वाटेने दररोज सुमारे दोन कोटी बॅरल तेल गेले. जगाच्या वापराचा तो एक पंचमांश होय. सौदी अरेबियाची तांबड्या समुद्राकडे जाणारी आणि अमिरातीची फुजैराकडे जाणारी नळवाहिनी या ओझ्याचा काही भागच वाहू शकतात. म्हणजे टंचाईच्या वेळी ज्या नळाकडे जगाने धाव घ्यावयाची, तो नळच या दाराच्या आत आहे. दार अडले तर नळही गेला.

समुद्रातील वाट सोडली तरी कागदावरची एक वाट उरते. तेलाचा बहुतेक व्यवहार डॉलरमध्ये होतो आणि टँकरच्या विम्याचा मोठा हिस्सा पाश्चात्त्य संस्थांकडे आहे. डिसेंबर २०२२ मध्ये रशियाच्या तेलावर बॅरलला ६० डॉलरची भावमर्यादा घालण्यात आली ती याच जोरावर; मर्यादेपेक्षा महाग विकलेल्या तेलाला विमा आणि वाहतूक नाकारावयाची, अशी ही योजना. रशियाने जुनी जहाजे जमवून तिला बगल दिली, आणि सवलतीतले तेल भारताने उचलले. युक्रेन युद्धापूर्वी आपल्या आयातीत रशियाचा वाटा जेमतेम दोन टक्के होता, तो २०२३-२४ मध्ये एक तृतीयांशाहून अधिक झाला. व्यापाराच्या दृष्टीने तो शहाणपणाचा सौदा होता. परंतु ऑगस्ट २०२५ मध्ये याच खरेदीवर बोट ठेवून अमेरिकेने भारतीय मालावर २५ टक्के अतिरिक्त शुल्क लादले. ग्राहकाने दुकान बदलले म्हणून तो स्वतंत्र होत नाही, इतका बोध दिल्लीला त्यातून व्हावयास हरकत नव्हती.

दुकान बदलण्याच्या या आनंदात आपण घरच्या आडाकडे मात्र पाहिनासे झालो आहोत. फेब्रुवारी १९७४ मध्ये मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर समुद्रात ‘सागर सम्राट’ या तरत्या यंत्रणेने तेलाचा शोध लावला. मे १९७६ मध्ये तेथून उत्पादन सुरू झाले. त्या बॉम्बे हायच्या बळावर १९८० च्या दशकाच्या मध्यास देशात वर्षाला सुमारे २ कोटी ९० लाख टन कच्चे तेल निघू लागले आणि गरजेचा दोन तृतीयांशाहून अधिक भाग घरच्या तेलावर भागू लागला. २०२३-२४ मध्ये देशाचे उत्पादन किती होते? सुमारे २ कोटी ९४ लाख टन. चार दशकांत आकडा जागचा हलला नाही; वापर मात्र २३ कोटी टनांवर गेला. आयातीवरील अवलंबन ८७ टक्क्यांहून वर आहे. १९९० च्या आखाती संकटात आपल्यावर सोने गहाण टाकण्याची वेळ आणण्यास तेलाचे बिल कारणीभूत होते, आणि आजचे अवलंबन त्या वेळेपेक्षा पुष्कळच मोठे आहे.

आपली जमेची बाजू म्हणजे शुद्धीकरण. वर्षाला पंचवीस कोटी टनांची क्षमता असलेला देश हा मोठा ग्राहक असतो, आणि विक्रेत्याला त्याची गरज लागते. एप्रिल २०१८ मध्ये सौदी आराम्कोने रत्नागिरीच्या नियोजित प्रकल्पात भागीदारीची तयारी दाखविली, ती कोकणच्या प्रेमाने नव्हे. आपले तेल हक्काने खपेल असे गिऱ्हाईक तिला बांधून घ्यावयाचे होते. नाणारच्या ग्रामस्थांनी आपल्या जमिनीसाठी विरोध केला, प्रकल्प तेथून हलला आणि पुढे बारसूतही अडला. त्या वादात आंबा-काजू आणि रोजगार यांची चर्चा पुष्कळ झाली. परंतु पन्नास टक्के भांडवलाच्या बदल्यात तेलपुरवठ्याची कोणती हमी आपण मागत होतो, हा प्रश्न विधिमंडळात किंवा वृत्तपत्रांत कोणी नेटाने लावून धरल्याचे स्मरत नाही.

राहता राहिली साठवण. विशाखापट्टणम, मंगळुरू आणि पादूर येथील भूमिगत गुहांची क्षमता ५३ लाख ३० हजार टन आहे. देशाची साडेनऊ दिवसांची गरज त्यातून भागते. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्था आपल्या सदस्य देशांना ९० दिवसांच्या निव्वळ आयातीइतका साठा ठेवण्यास सांगते. तेल कंपन्यांच्या टाक्यांतील माल धरला तर आपला आकडा बराच वाढतो, परंतु तो माल रोजच्या विक्रीसाठी फिरता असतो. एप्रिल २०२० मध्ये भाव कोसळले तेव्हा या गुहा काठोकाठ भरून घेतल्या गेल्या आणि हजारो कोटी रुपये वाचले. त्यानंतर जुलै २०२१ मध्ये चंडीखोल व पादूर येथे आणखी ६५ लाख टनांच्या साठवणीस मंजुरी मिळाली. गुहा खोदावयास वर्षे लागतात आणि स्वस्त तेलाचे दिवस महिन्यांत मोजावे लागतात. पुढच्या वेळी भाव पडतील तेव्हा भरावयास आपल्याकडे किती गुहा रिकाम्या असतील, हे या मंजुरीनंतर खोदकाम किती लवकर होते त्यावर ठरणार आहे.