धूम्रपान सोडविणारी गोळी आणि जिल्ह्याचे औषधभांडार

तंबाखूविषयीच्या आपल्या शासकीय धोरणात एक विसंगती मला दीर्घकाळ जाणवत आली आहे. ओढणाऱ्यास आपण भीती घालतो, दंड करतो, त्याच्याकडून कर घेतो. परंतु सोडायला निघालेल्या माणसाच्या हातावर ठेवण्यासारखे आपल्याजवळ फारसे काही नसते. २००३ चा कायदा आहे. २०१६ पासून पाकिटाच्या ८५ टक्के भागावर चित्ररूप इशारा आला आणि २०१८ पासून त्यावर मोफत दूरध्वनी सेवेचा क्रमांकही छापला जाऊ लागला. ही सोय चांगलीच आहे. मात्र दूरध्वनीवर सल्ला मिळतो, औषध मिळत नाही.

निर्धार असेल तर व्यसन सुटते, असे आपल्याकडे मानले जाते. सचिवालयातही याहून निराळे मत क्वचितच ऐकू येते. वैद्यकशास्त्र मात्र पुढे गेले आहे. व्हॅरेनिक्लिन हे औषध मेंदूत निकोटिनच्याच जागी जाऊन बसते. ते थोडी उत्तेजना देते, त्यामुळे तलफ मंदावते. आणि जागा अडलेली असल्यामुळे विडी ओढली तरी पूर्वीचे सुख लाभत नाही. सामान्यतः १२ आठवडे ते घ्यावयाचे असते. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या आठ हजारांहून अधिक व्यक्तींवरील चाचणीत, नवव्या ते बाराव्या आठवड्यात या औषधावरील ३३.५ टक्के लोक पूर्णतः धूम्रपानमुक्त राहिले. निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण १२.५ टक्के होते. मनावरील दुष्परिणामांविषयी अमेरिकेत २००९ मध्ये घातलेला ठळक इशारा याच चाचणीनंतर काढण्यात आला. मळमळ, विचित्र स्वप्ने हे त्रास होतात. दुसरे औषध बुप्रोपिऑन, तेही अपस्माराच्या रुग्णास देता येत नाही. म्हणजे डॉक्टर हवाच, आणि डॉक्टरने लिहिलेले औषध मिळण्याची जागाही हवी.

प्रशासनाचा प्रश्न येथे सुरू होतो. जागतिक आरोग्य संघटनेने निकोटिनचे पर्यायी उपचार २००९ मध्ये आणि ही दोन औषधे २०२१ मध्ये आपल्या अत्यावश्यक यादीत घेतली. यादी जिनिव्हात होते, खरेदी राज्यात. मी ज्या उत्तरेकडील राज्यात नोकरी केली, तेथील एका आढावा बैठकीत याविषयी विचारले असता भांडारपालाने सांगितले की मागणी नाही. डॉक्टर म्हणाले, भांडारात नसलेले औषध लिहून उपयोग काय? दोघेही खरेच बोलत होते. मागणी नाही म्हणून दरकरार नाही, दरकरार नाही म्हणून पुरवठा नाही, आणि पुरवठा नाही म्हणून मागणी नाही. हे वर्तुळ वरून कोणी तोडल्याशिवाय तुटत नाही.

भोगतो तो विडी ओढणारा. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत ७.७ टक्के प्रौढ विडी ओढत होते, सिगारेट ४ टक्के. सिगारेटवाला निदान शहरातल्या दुकानातून औषध विकत आणू शकतो. विडीवाला सरकारी रुग्णालयात येतो तो बहुधा धाप लागल्यावर. त्याच्या क्षयरोगासाठी सहा महिने मोफत औषध देणारी, चुकला तर घरी जाऊन विचारणारी यंत्रणा आपण उभी केली आहे. त्याच यंत्रणेला १२ आठवड्यांचे औषध जड का वाटावे, हे मला उमगत नाही.

आक्षेप आहेत. बहुतेक लोक पुन्हा ओढू लागतात, हे वरच्याच आकड्यांवरून दिसते. पण रक्तदाबाच्या गोळ्याही आपण बरे होण्याच्या हमीवर देत नाही. अधिक गंभीर आक्षेप असा की आपल्या देशात ओढणाऱ्यांपेक्षा चघळणारे दुप्पट, २१.४ टक्के, आणि या औषधांचा पुरावा मुख्यतः धूम्रपानातला. आपल्या घरांतून मिसरी लावणाऱ्या आजी-काकू पाहिलेल्या वाचकांना हे सांगावयास नको. म्हणून सर्वत्र एकदम खरेदी मी सुचविणार नाही. शिवाय २०२१ मध्ये फायझर कंपनीला नायट्रोसामाइन या अशुद्धीमुळे आपला माल परत घ्यावा लागला होता. निविदेत त्या तपासणीची अट असलीच पाहिजे. आरंभाला दोन जिल्हे पुरेत, एक विडीचा आणि एक खैनीचा. प्रत्येकी एक समुपदेशक, वर्षभराचा साठा, आणि सहा महिन्यांनी प्रत्येक रुग्णाच्या दारी जाऊन केलेली नोंद.