पंचवीस डॉलरच्या सदस्यत्वात काय बसते?

मनिलाहून रियाधला घरकामासाठी निघालेल्या बाईकडे पासपोर्ट, व्हिसा आणि तिकीट असले, तरी तेवढ्यावर तिला देश सोडता येत नाही. तिला परदेशी रोजगाराचे सरकारी प्रमाणपत्र दाखवावे लागते. ते हाती पडेपर्यंत तिचा करार तपासलेला असतो, तिने प्रस्थानापूर्वीचे प्रशिक्षण घेतलेले असते, भरती एजन्सीने स्वतःच्या खर्चाने तिचा विमा उतरवलेला असतो आणि तिच्या नावावर २५ अमेरिकी डॉलर कल्याण निधीत जमा झालेले असतात. प्रमाणपत्र दाखवले की १,६२० पेसोंचा प्रवासकरही माफ होतो. जाणाऱ्याला त्यात लगेच फायदा दिसतो, म्हणून नोंदणीसाठी कुणाच्या मागे लागावे लागत नाही.

परदेशी गेलेल्या कामगारांचे दावे लढवणारे वकील, संघटनांचे कार्यकर्ते आणि समाजकार्यकर्ते फिलिपिन्सचे उदाहरण नेहमी देतात. ते द्यायलाच हवे. मात्र चर्चा बहुतेक वेळा लाभांच्या यादीपाशी थांबते: मृत्यूला किती, अपंगत्वाला किती, शिष्यवृत्ती किती. या मासिकाच्या वाचकांना त्या यादीपेक्षा दोन गोष्टी जास्त उपयोगी पडतील. एक, ही व्यवस्था कामगाराला नेमक्या कोणत्या टप्प्यावर पकडते. दोन, तो कोणत्या टप्प्यावर तिच्या हातून निसटतो.

या प्रश्नाचा आवाका मोठा आहे. फिलिपिन्सच्या सांख्यिकी प्राधिकरणाच्या २०२३ च्या पाहणीनुसार परदेशी काम करणाऱ्या कामगारांची संख्या २१.६ लाख होती आणि त्यांत निम्म्याहून अधिक स्त्रिया होत्या. २०२४ मध्ये परदेशस्थ फिलिपिनोंनी बँकांमार्फत मायदेशी पाठवलेली रक्कम सुमारे ३४.५ अब्ज डॉलर होती. एवढा पैसा येतो म्हणून सरकारने आपणहून काळजी घेतली, असे मात्र झालेले नाही. सरकारची नजर आधी पैशावरच होती.

परदेशी रोजगाराचे धोरण १९७४ च्या श्रमसंहितेने सुरू झाले. कल्याण आणि प्रशिक्षण निधी १९७७ मध्ये कामगारदिनी, १ मे रोजी स्थापन झाला. त्याचेच रूप १९८७ पासून परदेशस्थ कामगार कल्याण प्रशासन या नावाने ओळखले जाते. मधल्या काळात, १९८२ मध्ये, फर्डिनांड मार्कोस यांच्या राजवटीने एक आदेश काढला. कामगाराच्या प्रकारानुसार मिळकतीचा ५० ते ८० टक्के हिस्सा सरकारमान्य बँकांमार्फत घरी पाठवणे सक्तीचे झाले. न पाठवणाऱ्याच्या पासपोर्टचे नूतनीकरण अडू लागले. हाँगकाँगमधल्या फिलिपिनो घरकामगार बायका या आदेशाविरुद्ध संघटित झाल्या आणि १९८५ मध्ये सरकारला शिक्षेची तरतूद मागे घ्यावी लागली. पुढच्या अनेक सुधारणांमागे याच बायकांच्या संघटनांचा रेटा आहे.

दुसरा धक्का १७ मार्च १९९५ रोजी बसला. फ्लोर कॉन्टेम्प्लासिओन या घरकामगार स्त्रीला त्या दिवशी सिंगापूरमध्ये फाशी देण्यात आली. आपल्या सरकारने तिच्यासाठी वेळीच काही केले नाही, या भावनेने फिलिपिन्स पेटून उठले. त्याच वर्षी ७ जूनला स्थलांतरित कामगारांचा कायदा, म्हणजे प्रजासत्ताक कायदा क्रमांक ८०४२, मंजूर झाला. तो दिवस आजही तेथे स्थलांतरित कामगार दिन म्हणून पाळला जातो.

या कायद्याचे सर्वांत धारदार कलम लाभांच्या यादीत सापडत नाही. परदेशी मालकाने पगार बुडवला किंवा करार मोडला, तर मायदेशातली भरती एजन्सी त्याच्याबरोबर संयुक्तपणे आणि स्वतंत्रपणेही जबाबदार धरली जाते. कामगाराला कुवेतच्या किंवा तैपेईच्या न्यायालयात खेटे घालावे लागत नाहीत. तो मनिलात दावा लावतो आणि मनिलातल्या एजन्सीकडून वसूल करतो. एजन्सीला परवान्यासाठी ठेव ठेवावी लागत असल्याने वसुलीला काही आधार असतो. कल्याण योजनांवर बोलताना हे कलम बाजूला ठेवणे चुकीचे आहे, कारण जिथे मालकाकडून वसुली होत नाही तिथे सगळा बोजा कल्याण निधीवर येऊन पडतो.

याच कलमातली भरपाईची रक्कमही लढूनच मिळवावी लागली. सेरानो नावाचा एक नाविक १९९८ मध्ये १२ महिन्यांच्या करारावर चीफ ऑफिसर म्हणून निघाला होता, पगार महिना १,४०० डॉलर. प्रत्यक्षात त्याला सेकंड ऑफिसरची जागा स्वीकारायला लावली. बढतीचा शब्द पाळला गेला नाही आणि २ महिने ७ दिवसांत तो घरी परतला. कराराचे ९ महिने २३ दिवस शिल्लक होते. कायद्यात तेव्हा अशी मेख होती की, बेकायदा काढून टाकलेल्या कामगाराला उरलेल्या मुदतीचा पूर्ण पगार किंवा उरलेल्या दर वर्षामागे तीन महिन्यांचा पगार, यांपैकी कमी असेल ते मिळेल. सेरानोच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये ही मेख घटनाबाह्य ठरवली. संसदेने २०१० च्या दुरुस्तीत ती पुन्हा घुसवली. मग तैवानमधल्या कारखान्यातून तीन आठवड्यांच्या आत काढून टाकलेल्या एका कामगार स्त्रीच्या खटल्यात, २०१४ मध्ये, न्यायालयाने ती दुसऱ्यांदा रद्द केली.

त्याच २०१० च्या दुरुस्तीने एक मोलाची गोष्टही दिली, ती म्हणजे एजन्सीमार्फत जाणाऱ्या प्रत्येकासाठी सक्तीचा विमा. हप्ता एजन्सीने भरायचा, कामगाराकडून वसूल करायचा नाही. नैसर्गिक मृत्यूला किमान १०,००० डॉलर, अपघाती मृत्यूला १५,००० आणि कायमच्या पूर्ण अपंगत्वाला ७,५०० डॉलर. कामगार मालकाविरुद्ध खटला लढत असेल, तर सहा महिन्यांपर्यंत दरमहा किमान १०० डॉलर निर्वाहखर्चही यात येतो. दावे लढवणाऱ्यांना या शेवटच्या तरतुदीचे महत्त्व वेगळे सांगायला नको. खटला हाती असूनही पोटासाठी तडजोडीवर सही करून परतलेले कामगार प्रत्येकाने पाहिले आहेत.

आता कल्याण निधीकडे वळू. २५ डॉलरचे सदस्यत्व दोन वर्षे चालते. त्या काळात कामगाराचा नैसर्गिक मृत्यू झाला तर वारसांना १ लाख पेसो, अपघाती मृत्यूला २ लाख, अंत्यसंस्कारासाठी २० हजार, असे प्रमाण कित्येक वर्षे चालत आले आहे. मुलांसाठी शिष्यवृत्त्या आहेत. महिना ६०० डॉलरहून अधिक न मिळवणाऱ्यांच्या मुलांसाठी वेगळी, मृत सदस्याच्या मुलांसाठी वेगळी. मालकाच्या घरातून पळालेल्या बायकांना परदेशी निवारा, परतीचे तिकीट, विमानतळावर उतरल्यावर घरापर्यंतचा प्रवास आणि छोट्या धंद्यासाठी भांडवल मिळते. महत्त्वाचे म्हणजे हा लाभ मागायला राजधानी गाठावी लागत नाही. प्रांतोप्रांती कल्याण कार्यालये आहेत. विधवा मृत्यूचा दाखला आणि विवाहाचा दाखला घेऊन आपल्या भागातल्याच खिडकीवर जाते. ज्या व्यवस्थेला घरी राहिलेले माणूसही आपले दावेदार वाटते, तिचे टेबल गावाजवळ असते.

निधी कुणाचा, हा प्रश्न तेथे सतत गाजला आहे. २००३ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने निधीतला वैद्यकीय मदतीचा भाग, ५३ कोटी पेसो, राष्ट्रीय आरोग्य विमा महामंडळाकडे वळवण्यात आला आणि पुढच्याच वर्षी निवडणूक असल्याने गदारोळ झाला. कामगार संघटनांचे म्हणणे साधे होते: पैसा आमचा, मग आम्हाला न विचारता का हलवला? त्या भांडणाचे फळ २०१६ च्या कायद्यात दिसते. निधी हा सदस्यांचा न्यास आहे असे त्यात स्पष्ट लिहिले गेले आणि कर्मचाऱ्यांचे पगार व कार्यालयीन खर्च सरकारी अर्थसंकल्पातून करण्याची सोय झाली. विश्वस्त मंडळावर खलाशी, जमिनीवरचे कामगार आणि स्त्रिया यांचे प्रतिनिधी आहेत. तरीही २०२५ च्या मे महिन्यात १.४ अब्ज पेसोंच्या जमीन खरेदीवरून, ती मंडळाच्या मंजुरीविना झाल्याचा ठपका ठेवून, कल्याण प्रशासनाच्या प्रमुखांना पदावरून दूर करण्यात आले. कायद्याने निधी सदस्यांचा ठरला, तरी हिशेब विचारण्याचे काम रोजचेच राहते.

आता निसटण्याचा टप्पा. सदस्यत्व करार नोंदवताना घेतले जाते. सुट्टीवर घरी येऊन पुन्हा निघणाऱ्याचे नूतनीकरण त्याच वेळी होते. पण जो कामगार तिकडेच करार वाढवून घेतो आणि चार-पाच वर्षे घरी येतच नाही, त्याचे सदस्यत्व त्याच्या नकळत संपते. विमा कराराच्या मुदतीपुरताच असतो. थेट मालकाकडून नेमणूक झालेल्यांना तर तो सक्तीचाही नाही. आखाती देशांत परवाना मालकाशी बांधलेला असतो. छळाला कंटाळून घर सोडणारी घरकामगार त्याच क्षणी बेकायदा ठरते. म्हणजे ज्या दिवशी तिला आधार सर्वांत जास्त हवा, त्याच दिवशी तिचा करार, विमा आणि बहुधा सदस्यत्वही तिच्यासोबत नसते. सदस्यत्व संपलेल्यांना काही मदत मिळते, पण ती तुटपुंजी असते आणि हक्क म्हणून मागता येत नाही.

या भोकाला ठिगळ लावण्याचा सर्वांत गंभीर प्रयत्न अलीकडचा आहे. ३० डिसेंबर २०२१ रोजी मंजूर झालेल्या कायद्याने स्थलांतरित कामगारांसाठी स्वतंत्र खाते निर्माण केले. सुझन ओपले या त्याच्या पहिल्या सचिव होत्या. ऑगस्ट २०२३ मध्ये पदावर असतानाच त्यांचे निधन झाले. या खात्याकडे सरकारी तिजोरीतून चालणारा वेगळा आपत्कालीन निधी आहे. त्यातून कायदेशीर, वैद्यकीय आणि आर्थिक मदत मिळते आणि कागदपत्रे नसलेला कामगारही त्याला पात्र आहे. सदस्याचा पैसा सदस्यासाठी आणि संकटातल्या नागरिकासाठी राज्याचा पैसा, ही विभागणी योग्य आहे. करोनाकाळात तिची गरज उघडी पडली होती. लाखो कामगार परतले, त्यांच्या विलगीकरणाचा, जेवणाचा आणि गावी पोहोचवण्याचा भार कल्याण निधीवर पडला आणि निधीच आटेल अशी भीती व्यक्त होऊ लागली.

सक्तीची वर्गणी आणि कामगाराची ऐपत यांचा मेळ बसवणेही सोपे गेलेले नाही. सामाजिक सुरक्षेच्या २०१८ च्या कायद्याने परदेशी कामगारांना सक्तीचे सदस्य केले, पण जमिनीवरच्या कामगाराला मालकाचा आणि स्वतःचा असे दोन्ही वाटे भरावे लागतात. आरोग्य विम्याचा हप्ता २०२० मध्ये मिळकतीच्या ३ टक्के झाला. नोकऱ्या जात असताना ही वाढ आल्याने इतका संताप उसळला की मे २०२० मध्ये सरकारला परदेशी कामगारांचा हप्ता ऐच्छिक करावा लागला. मालकाकडून काही घेता येत नाही म्हणून सगळे कामगाराकडूनच घ्यायचे, ही वाट किती लांब जाते ते तेथे दिसले.

नाविकांचा प्रश्न कोकण आणि गोव्याच्या वाचकांना जवळचा आहे. रत्नागिरीचा किंवा साष्टीचा मुलगा बोटीवर असतो तेव्हा त्याच्या शेजारच्या केबिनमध्ये अनेकदा फिलिपिनो असतो. त्या फिलिपिनोच्या प्रमाणित करारात कामामुळे मृत्यू आल्यास ५०,००० डॉलर आणि २१ वर्षांखालच्या प्रत्येक मुलामागे ७,००० डॉलर, चार मुलांपर्यंत, अशी भरपाई लिहिलेली असते. सप्टेंबर २०२४ मध्ये नाविकांच्या हक्कांचा स्वतंत्र कायदाही झाला. त्यातले एक कलम मात्र संघटनांना अजिबात मान्य नाही. दावा जिंकलेल्या नाविकाला, अपील प्रलंबित असताना रक्कम घ्यायची असेल, तर वादग्रस्त भागासाठी हमी द्यावी लागते. पाय गमावून घरी बसलेल्या माणसाकडून हमी मागणारे हे कलम अन्यायाचेच आहे.

आपल्याकडे प्रवासी भारतीय विमा योजनेत २७५ रुपयांत दोन वर्षांसाठी किंवा ३७५ रुपयांत तीन वर्षांसाठी अपघाती मृत्यू वा कायमच्या अपंगत्वाला १० लाखांचे संरक्षण मिळते. परदेशातल्या दूतावासांकडे २००९ पासून भारतीय समुदाय कल्याण निधी आहे. केरळने २००८ मध्ये कायदा करून प्रवासींसाठी कल्याण मंडळ नेमले. गोव्यात निवृत्त नाविकांसाठी मासिक निवृत्तिवेतनाची योजना आहे. विमा अपघातापुरता आहे, दूतावासाचा निधी परदेशातल्या प्रसंगापुरता आहे. मायदेशी राहिलेल्या बायकोला, मुलांच्या शिक्षणाला आणि परतलेल्या माणसाच्या पुढच्या धंद्याला एकाच नोंदणीखाली आणणारी देशव्यापी व्यवस्था आपल्याकडे नाही.

ती यावी म्हणून मागणी करताना फिलिपिन्सची नक्कल पुरणार नाही, तेथल्या त्रुटीही सोबत घ्याव्या लागतील. मागणीच्या मसुद्यात निदान चार गोष्टी असाव्यात. भरती एजन्सी मालकाबरोबर संयुक्तपणे जबाबदार असावी आणि दावा मायदेशात लावता यावा. विम्याचा हप्ता एजन्सीने भरावा. तिकडेच करार वाढवणाऱ्याचे सदस्यत्व आपोआप चालू राहावे आणि संपत आल्याची सूचना घरच्या फोनवरही यावी. मालकाचे घर सोडून पळालेल्या बाईला कागद न विचारता राज्याच्या पैशातून मदत मिळावी. तोवर कार्यकर्त्यांनी गल्फला किंवा बोटीवर गेलेल्यांच्या घरी कराराची प्रत, विमा पॉलिसीचा क्रमांक आणि तिची संपण्याची तारीख लिहून ठेवलेली आहे का, हे तपासायला सुरुवात करावी. अनेक घरांत यांतले एकही नसते आणि दावा उभा राहतो तेव्हा पहिले कित्येक महिने हे कागद गोळा करण्यातच जातात.