डंपर दारात येण्याआधी

ईदच्या दुसऱ्या दिवशी आम्ही थोरल्या आपांकडे जेवायला गेलो होतो. त्यांचा मुलगा कुवेतमध्ये नऊ वर्षे ट्रेलर चालवून कायमचा परत आला आहे. दस्तरखान उचलल्यावर त्याने एक वही आमच्यापुढे ठेवली. "मामू, एकदा नजर टाका. सगळं जुळतंय."

वहीत खरेच सगळे जुळत होते. जुना १० चाकी डंपर १८ लाखांना मिळत होता. ५ लाख घरचे भरायचे, त्यात साडेतीन लाख त्याची कमाई आणि दीड लाख आपांच्या बांगड्यांचे. उरलेले १३ लाख फायनान्सवाल्याकडून ३ वर्षांसाठी. क्रशरवरून खडी उचलून रस्त्याच्या कामावर टाकायची, जाऊन-येऊन ४० किलोमीटर, फेरीला २,८०० रुपये. दिवसाला ४ फेऱ्या, महिन्याला २६ दिवस. गाडी लिटरला ३ किलोमीटर धरलेली, डिझेल ९० रुपयांनी. डिझेल आणि ४४,७७८ रुपयांचा हप्ता वजा जाता महिन्याला १,२१,००० हातात! गाडी तो स्वतः चालवणार, म्हणून ड्रायव्हरचा पगार शून्य.

आमच्या ओळखीचे एक गृहस्थ कोकणातच पंधरा वर्षे डंपर चालवून बसले आहेत. भाच्याला घेऊन आम्ही त्यांच्याकडे गेलो. त्यांनी वही वाचली, चहा मागवला आणि पहिला प्रश्न केला, "क्रशरवर रांग किती असते, पाहिलंस का?"

तिथूनच हिशेब बदलू लागला. रांग, काट्यावरचा खोळंबा, साइटवर गाडी खाली करायला मशीन मोकळे नसणे. यात ४ फेऱ्यांच्या ३ होतात. क्रशर बंद, गाडी गॅरेजमध्ये, ठेकेदाराचे काम थांबलेले, असे दिवस काढले तर २६ दिवसांचे १८ उरतात. म्हणजे महिन्याला ५४ फेऱ्या आणि १,५१,२०० रुपये. डिझेलचे, रांगेत इंजिन चालू राहते ते धरून, ६८,००० गेले. टायर दहा आहेत आणि खाणीचा रस्ता त्यांना खातो, त्यासाठी महिन्याला ८,००० बाजूला काढावेच लागतात. पाटे, ऑइल, हायड्रॉलिकचे पाइप, वेल्डिंग मिळून १०,०००. विमा, टॅक्स, पासिंगचे ८,०००. (या वजनाच्या गाडीचा फक्त थर्ड पार्टी विमाच २०२२ च्या दरपत्रकानुसार वर्षाला ४३,९५० रुपये आहे, कर वेगळा. गाडी ८ वर्षांची झाली की पासिंग दरवर्षी.) हप्ता दिल्यावर हातात राहिले १२,४२२. आणि हे भाच्याने स्वतः घाम गाळून! दुसऱ्याकडे नोकरी केली असती तर त्याला महिन्याला २२,००० मिळाले असते. तो पगार खर्चात धरला तर धंदा दरमहा साडेनऊ हजारांनी तोट्यात.

भाचा गप्प झाला. पण खरी गोष्ट तर पुढेच होती. आपल्याकडे जूनपासून पाऊस. वाळूचा उपसा बंद, रस्त्याची कामे बंद, आणि पाऊस ओसरल्यावर कामे सुरू व्हायला आणखी काही दिवस जातात. धंदा आठ महिन्यांचा, हप्ते मात्र बारा. पावसाळ्यातल्या चार हप्त्यांचे १,७९,११२ रुपये आधीच्या आठ महिन्यांत साठवायचे, म्हणजे दरमहा २२,००० हून जास्त. शिल्लक १२,०००! मग घर कशावर चालायचे?

हप्त्याचेही नीट ऐका. एजंटाने "८ टक्के" सांगितले होते. हे ८ टक्के फ्लॅट, म्हणजे फेडून झालेल्या रकमेवरही व्याज चालूच. कमी होत जाणाऱ्या बाकीवर मोजले तर हा दर साडेचौदा टक्क्यांच्या घरात जातो. व्याज घ्यावे-द्यावे की नाही यावर आपल्या घरांत आधीच दोन मते असतात. पण जे घेतात, त्यांना तरी ते किती घेत आहेत हे ठाऊक असावे.

"मग बाकीचे डंपरवाले जगतात कसे?" भाच्याचा हा प्रश्न रास्त होता. गृहस्थ हसले. "काही जण जास्त भरून." १० चाकी गाडीला मालासकट २८.५ टनांची परवानगी असते, जुन्या गाडीच्या आरसी बुकात २५ टनच लिहिलेले असू शकते. गाडीचे स्वतःचे वजन ११-१२ टन. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट खडी, चार-साडेचार टन. नियमात बसतो तो जेमतेम ४ ब्रास माल. पुष्कळ जण ६ भरतात. पकडले तर २०,००० दंड आणि जादा प्रत्येक टनाला २,०००. आठ टन जास्त असले तर ३६,०००, म्हणजे जवळजवळ तीन महिन्यांची शिल्लक एका थांब्यात. जादा वजनाने टायर आणि पाटे जातात ते निराळेच. वाहतूक पास नसलेला माल सापडला तर महसूलवाले मालाच्या बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड लावू शकतात, आणि गाडी तहसीलच्या आवारात उभी. हप्ता मात्र उभा राहत नाही.

बिलांचे तर विचारूच नका. डिझेल रोख, ठेकेदाराचे पैसे दोन-तीन महिन्यांनी. उद्यम नोंदणी केलेल्या लहान धंद्याचे पैसे ४५ दिवसांत द्यावेत असा कायदा आहे, नोंदणी फुकट होते, ती जरूर करावी. पण जो फेऱ्या देतो त्याच्यावरच तक्रार करायची हिंमत पहिल्या वर्षी कोणाची होते?

शेवटी त्या गृहस्थांनी वाट सांगितली. गाडी बारा-तेरा लाखांची, लहान ६ चाकी, पण निम्म्याहून जास्त पैसे स्वतःचे. घेण्याआधी परिवहनच्या साइटवर नंबर टाकून थकलेली चलाने, टॅक्स, पासिंग आणि कोणाचा बोजा आहे का ते पाहायचे. तीन महिन्यांचे डिझेल आणि चार हप्ते बँकेत वेगळे. आणि ठेकेदाराचे काम आधी कागदावर, मग गाडी.

एवढे पैसे एकट्याकडे नाहीत, म्हणून धाकटा चुलतभाऊ भागीत येईल असे भाचा म्हणाला. आम्ही विचारले, नफा कसा वाटणार? निम्मा-निम्मा. तोटा? गाडी दोन महिने गॅरेजमध्ये राहिली तर हप्ता कोण भरणार? चालवण्याचा पगार वेगळा की नफ्यातच? यातले काहीच बोललेले नव्हते. देणे-घेणे लिहून ठेवण्याची ताकीद आपल्याला आहे, तरी भावाभावांत कागद काढायला आपल्याला लाज वाटते. पुढे घरात अबोला धरायला मात्र वाटत नाही.

भाच्याने गाडीचा बयाणा दिलेला नाही. सध्या तो त्याच क्रशरवर दुसऱ्याच्या डंपरवर ड्रायव्हर आहे. जुनी पाने दुमडून त्याने वही पुन्हा सुरू केली आहे. परवा आम्हाला दाखवली: सोमवार ३ फेऱ्या, मंगळवार २, बुधवार क्रशर बंद, गुरुवार ३, पंक्चर. पूर्ण हंगाम लिहून झाल्यावर पुढच्या जूनमध्ये पुन्हा बसायचे ठरले आहे. आपांच्या बांगड्या अजून त्यांच्या हातात आहेत.