गंजिफातला नववा राजा

आखाजी आली की आपल्या खानदेशात पत्त्यांचे डाव बसतात. एरवी पत्त्याला हात न लावणारा माणूसही त्या दिवशी मांडी घालून बसतो आणि घरचे वडीलधारे काही बोलत नाहीत. म्हणून आज या पत्त्यांविषयीच थोडे लिहितो. त्यात आपल्या धम्माशी संबंध असलेली एक गोष्ट दडलेली आहे.

इस्पिक, बदाम, किलवर, चौकट ही चिन्हे मूळची फ्रान्सची. इंग्रजी अमलात ती आपल्याकडे घरोघर पोहोचली. त्यापूर्वी आपल्याकडे गंजिफा होत्या. हा शब्द फारसी. बाबराने १५२७ साली सिंधच्या शहा हसनला गंजिफा पाठविल्याची नोंद बाबरनाम्यात आहे. मोगली संचात आठ रंग, प्रत्येकी बारा पाने, म्हणजे ९६. एका रंगाचे नाव ताज, दुसऱ्याचे शमशेर आणि एकाचे चक्क गुलाम! हा शब्द आपल्या माणसाच्या कानाला जरा वेगळाच लागतो.

पुढे या खेळाला हिंदू रूप आले ते दशावतारी गंजिफांचे. आपल्या महाराष्ट्रात त्यासाठी सावंतवाडी प्रसिद्ध. पाने गोल असतात. कागदाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवायचे, घोटायचे, हाताने चित्र काढायचे आणि वर लाखेचा हात द्यायचा. छापील स्वस्त पत्त्यांपुढे ही कला जवळजवळ संपली होती. १९७०च्या दशकात राजमाता सत्त्वशीलादेवी भोसले यांनी चितारी घराण्यातील जुन्या कारागिराकडून ती शिकून पुन्हा उभी केली. कारागिरांच्या हाताचे कौतुक करावे तेवढे थोडेच.

आता मुद्द्याकडे येऊ. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक ते दहा, एकूण १२० पाने. पहिल्या पाच अवतारांत प्रधानानंतर दश्शी मोठी, शेवटच्या पाचांत मात्र एक्का मोठा आणि दश्शी सर्वांत लहान. डावाची सुरुवात दिवसा रामाच्या राजाने, रात्री कृष्णाच्या. आणि नवव्या रंगाचा राजा कोण? बुद्ध! ओडिशातील संचांत त्याच जागी जगन्नाथही दिसतो.

ज्या तथागतांनी यज्ञ नाकारला, जन्मावरून ठरणारे उच्चनीचत्व नाकारले, त्यांनाच विष्णूचा नववा अवतार करून टाकले. तोही कशासाठी? असुरांना मोह पाडून भुलविण्यासाठी, असे भागवत पुराण सांगते. म्हणजे अवतार म्हणून मान दिल्यासारखे करायचे आणि शिकवण मात्र खोटी ठरवायची. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांपैकी पाचवी याच प्रचाराविरुद्ध आहे. पोथी वाचणारे थोडे असतात, पण पत्ता निरक्षर माणसाच्याही हातात जातो. चित्र मनात बसले की वाद घालायला कोणी येत नाही.

हल्ली असे संच शोभेची भेटवस्तू म्हणून देतात. कोणी भेट दिला तर देणाऱ्याचा अपमान करण्याचे कारण नाही. मुलांसमोर पेटी उघडावी, नववा राजा काढून दाखवावा आणि पाचवी प्रतिज्ञा समजावून सांगावी. घरात भांडण न होता हा विषय निघतो, हेही काही कमी नाही.

राहिला जुगार. मेंढीकोट, बदाम सात घरात मुलांबरोबर खेळले तर कोणाचे काही बिघडत नाही. पैसे लागले की गोष्ट बदलते. सिगालोवाद सुत्तात भगवंतांनी सिगालाला जुगाराचे सहा तोटे सांगितले आहेत. जिंकणाऱ्याच्या वाट्याला वैर येते, हरणारा गेलेल्या धनासाठी झुरतो, हातचा पैसा जातो, सभेत शब्दाला किंमत राहत नाही, मित्र तुच्छ लेखतात आणि सहावा असा की, जुगाऱ्याला कोणी मुलगी देत नाही. आपल्याकडे स्थळ पाहताना शिक्षण, नोकरी, शेती हे सगळे बैठकीत उघड विचारतात. हा सहावा प्रश्न मात्र मुलीचे मामा आदल्या दिवशीच चहाच्या टपरीवर विचारून आलेले असतात.