जर्सीवरचा गुलाबी आकडा

फुटबॉलचा हंगाम आला की कोल्हापुरात शाहू स्टेडियमच्या गॅलरीत पेठापेठांचे रंग दिसू लागतात. तालमीच्या संघाची जर्सी खेळाडूंइतकीच समर्थकांच्याही अंगावर असते, पाठीवर नाव आणि आकडा. दोन-तीन धुण्यांत त्या आकड्याच्या कडा सुटतात, ताणला की भेगा पडतात, नाहीतर लाल जर्सीवरचा पांढराशुभ्र आठचा आकडा आठवड्याभरात गुलाबी होतो. मग गिऱ्हाईक छपाईवाल्यावर चिडते आणि छपाईवाला फिल्म विकणाऱ्याला बोल लावतो. कापडाचे नाव कोणीच काढत नाही. माझ्या मते पुष्कळदा दुखणे तिथेच असते.

गुलाबी आकड्याचेच घ्या. पॉलिस्टर ज्या रंगांनी रंगवतात, ते जास्त उष्णतेत वाफ होऊन सुटतात. सब्लिमेशनची सगळी छपाई याच गुणावर चालते: १९० ते २०० अंशांच्या आसपास शाईची वाफ होऊन ती धाग्यातच शिरते, म्हणून तो छापा उखडत नाही. डीटीएफमध्ये आकडा आधी फिल्मवर छापतात आणि चिकट पावडर लावून गरम प्रेसने कापडावर उतरवतात; रंगीत पॉलिस्टरवर तो चिकटवताना मात्र हाच गुण मुळावर येतो. कॉटनची सवय असलेला कारागीर १५०-१६० अंशांवर प्रेस मारतो. जर्सीचा लाल रंग सुटतो आणि वरच्या पांढऱ्या शाईत चढत राहतो. दुकानातून माल निघतो तेव्हा आकडा पांढराच दिसत असतो; रंग दोन दिवसांनीही वर येतो, त्यामुळे चूक नेमकी कुठे झाली हे कोणाच्याच लक्षात येत नाही. यावर उपाय आहे. कमी तापमानाला वितळणारी पावडर वापरावी, प्रेस १३० अंशांच्या आसपास ठेवावी, आणि गडद जर्सीसाठी रंग अडवणारा राखाडी किंवा काळा थर असलेली फिल्म घ्यावी. ती महाग पडते. त्याचे जादा पैसे छपाईवाल्याने मोकळेपणाने मागावेत आणि मंडळाने ते द्यावेत.

कडा सुटण्याची कारणे निराळी. पावडर नीट भाजली गेलेली नसते. जाड शिवणीवर प्लेट टेकते आणि बाकीच्या भागावर दाबच पडत नाही. गार झाल्यावर ओढायची फिल्म गरम असतानाच ओढली जाते. मशीनवर १५० दिसत असले तरी प्लेटच्या कोपऱ्यात तेवढी उष्णता असेलच असे नाही, ती मधूनमधून मोजायला हवी. त्यात आपला पाऊस. साध्या हवेतही कॉटन आपल्या सुक्या वजनाच्या सुमारे साडेआठ टक्के ओल धरून असते, पॉलिस्टर अर्धा टक्काही नाही. गणेश मंडळांच्या टी-शर्टांची घाई नेमकी कोंदट, ओल्या दिवसांत येते. ती ओल प्रेसखाली वाफ होऊन चिकटणाऱ्या थराच्या आड येते. फिल्म ठेवण्याआधी नुसत्या कापडावर चार-पाच सेकंद प्रेस मारली की ती निघून जाते.

याच मुलखात १९०४ मध्ये इचलकरंजीत यंत्रमाग आला आणि १९०६ मध्ये शाहू महाराजांनी कोल्हापुरात कापडगिरणी उभी केली. कापड जाणणारी माणसे इथे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. तिथे टी-शर्ट कॉटनचा की मिश्र धाग्याचा हे न विचारता छपाई व्हावी, हे मनाला लागते. शिवणीच्या आतला एक धागा काढून पेटवला तरी कळते: कॉटन कागदासारखे जळून मऊ राख होते, पॉलिस्टर वितळून कडक मणी बनतो.

सगळा माल छापण्याआधी एक जर्सी छापावी, दिवसभर तशीच ठेवावी, मग धुऊन आणि ताणून बघावी. याला दोन दिवस लागतात. सामन्याच्या आदल्या रात्री ऑर्डर देणारी मंडळे हेच दोन दिवस छपाईवाल्याकडून काढून घेतात. त्यांनी ते द्यावेत, आणि बिलावर कापडाचे नाव, प्रेसचे तापमान आणि वेळ लिहून मागावी. पुढच्या हंगामात तोच संघ तशीच जर्सी पुन्हा मागायला येईल, तेव्हा तो कागद छपाईवाल्यालाही लागणार आहे.